वेढ्यातला तांदूळ

आज दुपारी नात सईबरोबर टीव्हीवर ड्रॅगनवाली मालिका पाहिली. किल्ल्याला सहा महिने वेढा, तरी सैनिक गुबगुबीत!

मी म्हटलं, "अगं, यांच्या कोठारात तांदूळ किती उरलाय, ते कुणी बघितलं का?"

"आजी, ड्रॅगन चालतो तुला, आणि तांदळावर अडलीस?"

मग तिला गिरणीच्या संपातलं सांगितलं. गावाहून आलेला तांदूळ संपत आला, तेव्हा तिचे आजोबा गिरणीच्या गेटवरून येऊन रोज म्हणायचे, "मी जेवून आलोय, पोरांना वाढ." मी वाढायचे. कुठे जेवलात, हे एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

सई हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं ना, आजी?"

होतं.

तुमच्या घरी असं कोण जेवून यायचं?