कॉर्नेलियस टिब्सचा डावा हात

हार्लेममध्ये कॉर्नेलियस टिब्सला नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ती त्याची बायको आर्डेलिया. बाकी सगळ्यांचा तो प्रोफेसर. शाळा चौथीतच सुटली होती पठ्ठ्याची, पण पियानोवाल्याला प्रोफेसर म्हणायची आमच्याकडची जुनी रीत. आणि त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

एकोणीसशे चौसष्ट साली तो सत्तरीला टेकला. तोवर त्याची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती. तरुणपणी दोनदा बोलावणं आलं. एकदा तो तापानं फणफणला होता आणि दुसऱ्यांदा ती कंपनीच बुडाली. त्याच्या बरोबरीचे वाजवणारे एकेक करून गेले, पण त्यांच्या रेकॉर्डी तरी मागे राहिल्या. याचं काय राहणार? विशेषतः ‘इस्त्रीचा दिवस’ नावाचा तो तुकडा. डाव्या हातानं खाली खर्ज दाबायचा, लगेच उडी मारून मधल्या सुरांवर यायचं, परत खाली, परत वर, आणि हे असं वेगात की ऐकणाऱ्याला वाटावं तीन हात चाललेत. तो तुकडा त्याच्याखेरीज कोणालाच येत नव्हता. आपल्याबरोबर तोही मातीत जाणार, हे त्याला आत कुठेतरी फार लागलं होतं.

म्हणून नॉर्मन वाइसब्रॉड नावाचा तरुण शनिवारी दुपारी त्याचं वाजवणं टिपून घ्यायला टेपरेकॉर्डर घेऊन तीन जिने चढून आला, तेव्हा प्रोफेसर सकाळपासून कोट चढवून बसला होता. पियानोसमोर गेल्यावर त्यानं कोट काढला, अस्तर बाहेर दिसेल असा घडी घालून ठेवला आणि स्टुलावर तिरका बसून गप्पा छाटू लागला. त्याच्या वेळी पियानोवाल्यांचा असाच रुबाब असे. आल्या आल्या कीबोर्डवर तुटून पडणारा तो नवशिका.

“मिस्टर टिब्स, टेप चालू आहे हं,” वाइसब्रॉड म्हणाला.

“चालू दे की. तिला काय घाई आहे?”

स्वयंपाकघरातून आर्डेलिया ओरडली, “अरे पोरा, तो असाच तासभर बोलेल! माझे चॉप्स होतील तोवर.”

जुन्या आठवणी झाल्या, दोन सोपे तुकडे झाले, छान झाले. मग ‘इस्त्रीचा दिवस’. पहिल्या ओळीला हात पळाला, दुसरीला पळाला, तिसरीला डावी करंगळी खर्जावर पोचलीच नाही. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच फजिती. तिसऱ्या वेळी त्यानं हात मांडीवर ठेवला आणि अंगठ्यानं बोटांचे सांधे चोळत बसला. संधिवातानं चांगलाच दावा साधला होता.

वाइसब्रॉड पोरगा मनानं चांगला. हळूच म्हणाला, “असं करू या का? आधी नुसता डावा हात वाजवा, सावकाश थांबत थांबत. मग उजवा. मी दोन्ही एकावर एक बसवतो. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

“वर भोकं पाडायची म्हणतोस?” म्हातारा गर्रकन वळला. “तेच पुन्हा?”

पोराला काही कळेना. मग प्रोफेसरनं सांगितलं.

सोळा साली त्यांच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या दुकानात पायानं चालवायचा पियानो होता. त्यात भोकं पाडलेला कागदाचा रोल घालायचा, पायानं पेडल मारायचे, की पट्ट्या आपोआप खाली जात. ‘इस्त्रीचा दिवस’ रचला होता एसा प्रुइट नावाच्या उस्तादानं, आणि त्याचा रोल तिथे होता. बावीस वर्षांचा कॉर्नेलियस पेडल अगदी हळू मारायचा आणि जी पट्टी खाली जाईल तिच्यावर बोट ठेवायचा. दहा बोटं पुरेनात. त्याला वाटलं, प्रुइटचे पंजे फावड्याएवढे असणार. आपले छोटे, तर आपण उड्या मारू! अख्खा हिवाळा त्यात गेला. वसंतात पियानोवाल्यांची चढाओढ लागली, तिथे खुद्द प्रुइटसमोर यानं तो तुकडा वाजवला.

“प्रुइट हसून हसून रडायला लागला रे! म्हणाला, ‘अरे गाढवा, ते मधले सूर मी वाजवलेच नव्हते. भरगच्च वाटावं म्हणून कारखान्यात कागदाला वरून भोकं पाडली. हे मला येत नाही!’ आणि उठून स्टूल मला दिलं.” म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला, “जे एका माणसाला जमूच नये ते मी एकट्यानं करून दाखवलंय. आता मीच लबाडी करू?”

तेवढ्यात आर्डेलिया दारात आली. “मग हळू वाजव की.”

“हळू? लोक हसतील मला!”

“कुठले लोक? हसणारे सगळे वर गेले. त्यांना काय ऐकू जाणार आहे?”

“तुला यातलं काही कळत नाही.”

“चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय, म्हणे कळत नाही!”

तो फुरंगटला. खिडकीबाहेर बघत बसला. मग एकदम पुढे वळला आणि वाजवू लागला, निम्म्याहून कमी वेगात. खर्ज दाबायचा, हात उचलायचा, निवांत वर आणायचा. सगळे सूर त्याचे एकट्याचे. शेवटाकडे एक खर्ज हुकलाच.

“तेवढा भाग परत घेऊ?” वाइसब्रॉडनं विचारलं.

“राहू दे.”

आर्डेलिया हातातल्या डावासकट खुर्चीत बसली होती आणि डोळे पुसत होती. म्हातारा घाबरला. “अगं, काय झालं? इतकं वाईट झालं?”

“गप रे. इतकी वर्षं मी तुझा हातच बघत होते, जमतंय की पडतोय म्हणून जीव मुठीत धरून. आज पहिल्यांदा त्यातलं गाणं ऐकलं. किती गोड आहे मेलं!”

“गाणं आहे त्यात?”

“मला काय विचारतोस! तुझंच आहे ना?”

त्यानं एकवार पट्ट्यांकडे पाहिलं. मग वाइसब्रॉडला म्हणाला, “पोरा, ती टेप मागे फिरव. मीही नाही ऐकलेलं.”