मुंबईने विचारले नाही, पवनीने विचारले

केशवभाऊंच्या साठीचा गौरवग्रंथ दिवाळीनंतर निघणार आहे, म्हणून मी लेख सावकाश देणार होते. पण परवा नागपूरला त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया आहे. आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. आणि भाऊ हटून बसले आहेत: "बाई, तुमी काय लिहून राहिल्या ते आधी वाचून दाखवा. मंग मले जवाब देता नाही आला तं?" म्हणून हा लेख आजच, घाईने.

भाऊ पवनीत तंबूतला सिनेमा चालवतात आणि भोंग्यावरून त्याची जाहिरातही स्वतःच करतात. मी इथल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. सत्तर सालच्या आसपास शेवटचा तास बुडवून गेलेल्या मुलींना आणायला मी तंबूवर गेले, तीच आमची पहिली ओळख. दारात ते म्हणाले, "तिकीट काढा न् आत जाऊन न्या." मी तिकीट काढले आणि मध्यंतराआधी मुली बाहेर काढल्या. त्यात माझे काही चुकले, असे आजही वाटत नाही.

दरवर्षी मुंबईच्या मोठ्या पारितोषिकांची नामांकने वर्तमानपत्रात येत. ज्या सिनेमासाठी तंबूबाहेर बैलगाड्यांची रांग लागे, नेमके त्याचेच नाव त्यांत नसे. वितरकाचा माणूस सांगे, फलकावर 'पारितोषिकप्राप्त' लिहा, इथे कोण तपासतो? भाऊंनी ते कधी लिहिले नाही. भोंग्यावर ते खरे तेच सांगत: "या सिनेमाले मुंबईत कोनं विचारलं नाही! पवनीनं विचारा!"

मग दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे इकडच्या जत्रेत, ते त्या सिनेमाचे पोस्टर खुर्चीवर ठेवून शाल-नारळाने सत्कार करत. मला अध्यक्षा व्हायला सांगितले तेव्हा मी चिडले. भाऊ म्हणाले, "ज्याले हार भेटले त्याले आपला हार कायले, बाई?" बायका पोस्टरवरच्या नटीची ओटी धानाने भरत. मागून कोणी ओरडे, "हिरो काहून उपाशी जी?" त्या सिनेमांत दोष होते, योगायोगांना तर सुमारच नसे. पण धानकापणी करून थकलेल्या बायका त्यातले संवाद म्हणत घरी जात. परीक्षकांनी ते ऐकले नव्हते, आम्ही ऐकले होते. म्हणून मी दरवर्षी गेले.

माझ्या आईची नजर गेली, तेव्हापासून भाऊ तिला तंबूत नेऊन शेजारी बसत आणि पडद्यावरचे हळू आवाजात सांगत. आईला दुःखी शेवट सोसत नसे. पडद्यावर नटी मेली की भाऊ सांगताना तिला माहेरी पाठवत.

"मंग बाया कायले रडून राहिल्या?" आई विचारी.

"माहेरी चालली न जी, म्हणून."

कालपासून भाऊ बोलायला लागले की मी शब्द ऐकत नाही, आवाज ऐकते. सकाळपेक्षा जास्त बसला आहे का? पाणी पिताना थांबले का?

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य मागतात. मला आधी परवाचा दिवस सुखरूप जायला हवा आहे. पुढची वर्षे भाऊंची प्रकृती ठणठणीत राहो, आणि ती वर्षे त्यांनी बोलत काढावीत.

नोंद, दुसऱ्या दिवशीची: लेख भाऊंना वाचून दाखवला. त्यांचा जवाब: "लांबलं बाई, मधातून कापा." कापलेले नाही. नागपूरच्या बसवर त्यांची मुलगी सुमन हिच्या स्वाधीन केले: लेखाची एक प्रत, डॉक्टरांचे कागद, एक चादर, आणि केशवभाऊ, आवाजासह. सगळे परत हवे आहे.