कॉफीच्या चक्कीतली बाजरी

बाबांनी बनवलेल्या पहिल्या कॉफीच्या चक्कीत मी बाजरी दळली आणि चक्की पुसायला विसरलो. परवा बहिणीबरोबर कॉलेज रोडवरून जाताना ताज्या दळलेल्या कॉफीचा वास आला आणि ते आठवलं. सातपूरच्या आमच्या कारखान्यात पिठाच्या गिरण्या बनायच्या, म्हणून प्रत्येक नवं मशीन आधी बाजरीवर चालवून बघायची पद्धत. त्या दिवशी कर्नाटकातला व्यापारी कॉफीच्या चक्क्यांची पहिली ऑर्डर द्यायला आला होता. त्याच चक्कीत दळलेल्या कॉफीचा एक घोट घेऊन म्हणाला, “ये तो रोटी है,” आणि ऑर्डर न देताच गेला. बाबा ओरडले नाहीत. उरलेली कॉफी दोन कपांत ओतून म्हणाले, “दळलीस ना? आता पी.” पत्र्याच्या शेडखाली आम्ही दोघं ती पीत बसलो. आता शेड नाही, बाबाही नाहीत. “तशी बेचव कॉफी पुन्हा कुठे मिळाली नाही गं,” मी बहिणीला म्हणालो. ती म्हणाली, “बाबांनी नंतर सगळी मशीनं सुधारली. तू तेवढा राहिलास.”