पिवळा ठिपका

पोटावर इतका विश्वास असलेला दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं, की जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ पोटात असतं आणि पोट जे सांगतं ते बाहेर पडल्यावरच कळतं. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या तपासणी विभागात त्यांनी उभी हयात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. इतर लोक सकाळी भेटले की ‘काय, कसं काय?’ विचारतात. काका ‘पोट साफ?’ असं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत जिन्यात वाट अडवून उभे राहायचे. मी गावाकडून पदवी घेऊन रबाळ्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि वाशीला त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, तेव्हा या प्रश्नानं मला घाम फुटत असे. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. शहरातली सभ्य माणसं एकमेकांशी काय बोलत असतील याची मी मनाशी बरीच तयारी करून आलो होतो, त्यात हा प्रश्न नव्हता. पण खानावळीच्या जेवणानं मी आडवा झालो, तेव्हा रोज पेजेचं भांडं घेऊन जिना चढणारे तेच होते. त्यानंतर मी त्यांना खरं उत्तर देऊ लागलो.

तपासणीच्या बाबतीत काका भीडभाड ठेवत नसत. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या घरी नव्या जावयाचं जेवण होतं. जावई श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत असताना काका त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाले, “जावईबापू, रात्री दात खाता का हो?” जावई हो म्हणाला. “जंत आहेत. उद्या सकाळी नमुना द्या.” सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पुरणपोळीचं ताट हातात घेऊन तसाच स्वयंपाकघराचा रस्ता धरला. पुढे जावयाच्या पोटात जंत निघाले, पण म्हणून काही वहिनींचा राग गेला नाही.

निवृत्त झाल्यावर माणसांचे नमुने मिळेनात, तेव्हा काकांनी सासुरवाडीहून सातेरी मधमाश्यांची एक पेटी आणली आणि बिल्डिंगच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारांपलीकडे ठेवली. मधासाठी आणली असेल असं आम्हाला वाटलं. मध त्यांनी कधी काढलाच नाही. त्यांना हवं होतं ते तारांवर मिळत होतं. फाल्गुनात शेवगा, करंज फुलले की पेटीत पिल्लं वाढायची, माश्या परागावर ताव मारायच्या आणि आमच्या पांढऱ्या कपड्यांवर मोहरीएवढे पिवळे ठिपके उमटायचे. बायका कपाळाला हात लावायच्या आणि काका भिंग घेऊन तारेखालून फिरायचे. “वहिनी, अभिनंदन. तुमच्या चादरीवर बघा, रंग कसा स्वच्छ पिवळा आहे. पोटं अगदी उत्तम.” वहिनी म्हणायच्या, “काका, चादर नवी होती.” त्यावर काका समजावत, “अहो, माशी घरात घाण करत नाही. कितीही वेळ धरून ठेवील, पण बाहेर उडत जाऊनच मोकळी होईल. आपल्या पब्लिकपेक्षा बरी.”

एका वर्षी प्रकरण मीटिंगपर्यंत गेलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “काका, मला पर्सनल काही नाही. पण सगळ्यांची कम्प्लेंट आहे. पाडव्यानंतर पेटी हलवा.” काकांनी वाद घातला नाही. “ठीक आहे. भाच्याला कळवतो, तो गावी नेईल,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते संध्याकाळी पेटीपाशी स्टूल टाकून बसू लागले. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

पाडवा जवळ आला असताना एका सकाळी काका पेटीसमोर उकिडवे बसलेले दिसले. पेटीच्या पुढच्या फळीवर तपकिरी, पातळ ओघळ उतरले होते. काही माश्या जमिनीवर नुसत्याच सरपटत होत्या. “ठिपका म्हणजे तब्येत, ओघळ म्हणजे हगवण,” काका मला म्हणाले. मग भिंग खाली ठेवून त्यांनी निदान सांगितलं, “यांना कोणीतरी गूळ घातलाय.”

स्कूटर काढणारे सेक्रेटरीसाहेब थांबले. थोडा वेळ किल्लीशी चाळा करून ते म्हणाले, “मीच घातला, काका. बशीत गूळपाणी ठेवलं होतं. आमच्या साताऱ्याकडे दारी आलेल्याला गूळपाणी देतात. आल्या तेव्हा कोणी दिलं नाही. म्हटलं, जाताना तरी तोंड गोड होऊ दे.”

“माणसाला चालतं हो. यांना गूळ पचत नाही. साखर लागते, ती पण पांढरी.”

साखर वहिनींनी आणून दिली. काकांनी पेटी साफ केली, साखरेचं पाणी ठेवलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “बऱ्या होईपर्यंत राहू देत. आजारी माणसाला घराबाहेर काढायची पद्धत नाही आपल्यात.”

“आणि बऱ्या झाल्या की?”

“मग ठरलंय ते ठरलंय, काका.”

काकांची मोठी पंचाईत झाली. माश्या बऱ्या व्हाव्यात म्हणून ते दिवसभर धडपडत होते आणि बऱ्या झाल्या की त्या जाणार होत्या. फळीवर नवे ओघळ दिसेनासे झाले. पण तारेवरच्या कपड्यांवर काही उमटेना. बायका कपडे काढताना उलटसुलट करून पाहत, पण काय शोधतोय ते काकांना सांगत नसत.

मग एका रविवारी सेक्रेटरीसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर ठिपका उमटला. मोहरीएवढा, स्वच्छ पिवळा. आम्ही सगळ्यांनी पाहिला. वहिनींनी शर्ट काढायला हात वर केला तेवढ्यात काका आले. त्यांनी चष्मा पुसला, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले. सेक्रेटरीसाहेब शेजारीच उभे होते.

“हळद दिसतेय,” काका म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. “हो, कालच्या आमटीची असेल.”

“हळद लवकर जात नाही,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि शर्ट घडी करून घरात घेऊन गेले.

पाडवा झाला. भाचा आला, दोन दिवस राहिला, रिकाम्या हातानं परत गेला. त्यानंतर प्रत्येक फाल्गुनात आमच्या बिल्डिंगमध्ये आमटी फार सांडू लागली. आता काका नाहीत, माश्याही नाहीत. पेटीच्या जागी मोटारसायकली लागतात. जावयालाही न सोडणाऱ्या त्या माणसानं उभ्या हयातीत दिलेला तो एकच चुकीचा रिपोर्ट असावा, आणि तो आमच्यापैकी कोणी कधी दुरुस्त करून घेतला नाही.