पायी काहून जाऊन राहिले?

फिरायला गेलं की वजन उतरतं म्हणतात. आमच्या साकोलीच्या ग्रुपमध्ये दीड महिन्यात एकाचंही उतरलं नाही. वाढले ते किस्से. परत येताना ज्या टपरीवर आम्ही चहा घेतो, तिथला टपरीवाला आता साखर किती हे विचारत नाही, "आज काय झालं?" एवढंच विचारतो. काही झालं नसेल तर बिचाऱ्याचा चेहरा पडतो.

ग्रुप म्हणजे तीनच माणसं. गभणे सर, भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. लांजेवार काकू, ज्यांचं शिवणाचं दुकान आहे आणि ज्या कशालाच भीत नाहीत. आणि मी, जी कुकरच्या शिट्टीलाही दचकते.

मी हौसेनं आले नव्हते. मला एका आडगावच्या शाळेत नोकरी लागली होती. कंत्राटी, पण दोन वर्षं वाट पाहून लागलेली. बस फाट्यावर सोडते. तिथून दोन किलोमीटर पायी. धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, तलावाच्या पाळीवरून आणि मग थोड्याशा जंगलातून. एकटीनं. पत्र आलं तेव्हा मी आनंदानं रडले, रस्त्याचं कळलं तेव्हा पुन्हा रडले. आई म्हणाली, "नको जाऊ मग." ते ऐकून तिसऱ्यांदा रडले, कारण नोकरी तर हवीच होती!

सर म्हणाले, "जॉइनिंगपर्यंत रोज आमच्यासंग चाल बेटा. वसंतात पायी हिंडण्यासारखं सुख नाही. भेव आपोआप जाते."

भेव काही गेलं नाही. सुखाचं सांगते.

* * *

पहिलं सुख असं, की आमच्याकडे कोणी कोणाला चालू देत नाही. पायी माणूस दिसला की गाडी थांबलीच.

"गाडी बंद पडली का?"

"नाही, फिरायला निघालो."

"असं? बसा मंग, सोडून देतो."

"आम्हाला कुठं जायचंच नाही हो."

यावर तो माणूस गाडी बंद करून खाली उतरतो. कारण आता मामला गंभीर असतो. घरात भांडण झालेलं असतं!

एक ट्रॅक्टरवाले काका तर ऐकेचनात. "बायामाणसं घेऊन पायी काहून जाऊन राहिले?" सरांनी त्यांना व्यायाम, हृदय, मोकळी हवा असं सगळं समजावलं. काकांनी मान डोलवत ऐकलं आणि म्हणाले, "बराबर हाय. ट्रॉलीत उभे राहा. हवाबी लागते, व्यायामबी होते."

चढावंच लागलं. त्या दिवशी सरांच्या मोबाइलनं नऊ हजार पावलं दाखवली. सगळी ट्रॉलीच्या हादऱ्यांची!

* * *

एका सकाळी एका गावाबाहेर लालभडक पळसाचे फोटो काढत होतो. तेवढ्यात शिट्टी वाजली. मी दचकून थेट लाखोरीच्या शेतात.

चार माणसं आणि दोन बाया आल्या. एकीच्या हातात गुलाबाची फुलं. मला वाटलं, सत्कार आहे. होतं ते ग्रामपंचायतीचं गुड मॉर्निंग पथक, उघड्यावर बसणाऱ्यांना फूल देऊन लाजवणारं!

"आम्ही फिरायला आलोय," सर म्हणाले.

"सगळे तसंच म्हणते."

"अहो, खरंच फिरायला!"

"मंग हातात पाण्याची बाटली कायले?"

"प्यायला!"

पथकातल्या बाईनं शेतात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "आन् ह्या मॅडम तिकडं पाणी प्यायले गेल्या काय?"

काकूंनी तिघांची फुलं शांतपणे घेतली, एक अंबाड्यात खोवलं आणि म्हणाल्या, "सर, पंधरा वर्षांत कोणी मले फूल नाही देल्लं. उद्याबी येऊ इकडंच!"

* * *

सरांना सवय आहे काठीनं क्षितिज दाखवायची. "ते पाहा, तिथं उन्हाळी धान. हिरवा पट्टा. इकडं जवस, ही निळी किनार. आणि मधून हा रस्ता कसा सरळ जातो!"

मागून धापा टाकत एक शेतकरी आला. त्याच्या मागे दुसरा. दहा मिनिटांत सात-आठ जण जमले.

"साहेब, मोजणी कोणाची होऊन राहिली?"

"मोजणी नाही बा. निसर्ग पाहतोय."

"थो तं दिसतेच. पण रस्ता कोणाच्या बांधीतून जाते?"

सरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की रस्ता होत नाहीये, हे नुसतं सौंदर्य आहे. एक म्हातारबुवा जवळ आले, सरांची काठी हळूच धरली आणि शेजारच्या शेताकडे वळवली. "सौंदर्य असन तं मंग त्याच्या वावरातून घ्या न साहेब!"

* * *

हा किस्सा लहानसा आहे. गवतातून फडफड करत तितर उडाला आणि मी किंचाळले. अशी किंचाळले, की तलावावरची बदकंसुद्धा उठली.

काकू पुढे होत्या. वळून बघितलंही नाही. "काय होतं वं?"

"तितर."

"तितराले एवढी ओरडली! वाघासाठी काय शिल्लक ठेवलं?"

* * *

मोहफुलं पडायला लागली तेव्हाचं. समोरच्या झाडांमधून धूर निघताना सगळ्यांत आधी मी पाहिला, याचा मला अभिमान वाटला. नेहमी मी नसलेलं पाहते. या वेळी खरंच होतं! "वणवा!" असं ओरडत मी पळत सुटले, ते धुराच्याच दिशेनं. ग्रुपमधल्या माझ्या शौर्याची ही एकमेव नोंद.

पोचून बाटलीतलं सगळं पाणी आगीवर ओतलं. झाडाखाली एक बाई खराटा घेऊन उभी होती. तिनं विझलेल्या पाचोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आग नाही व्हय ताई. झाडाखालचा पाला जारत होती. जमीन साफ असली का फुलं बराबर दिसते, येचाले सोपं जाते."

मी शंभरदा माफी मागितली. तिनं खराटा माझ्या हातात दिला. "माफी राहू द्या. आता झाडून द्या."

आम्ही तिघांनी पूर्ण झाडाखालचं झाडलं. सर म्हणाले, वसंतात असा व्यायाम शहरातल्यांच्या नशिबात नाही.

* * *

शेवटी जॉइनिंगचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी काकू घरी आल्या. "मोहाचे दिवस हायेत. अस्वल सकाळी फुलं खायले येते. त्याले माणसाचा आवाज आला का थे आपणच निघून जाते. चूपचाप जाशीन तं समोरासमोर येशीन. म्हणून मोठ्यानं बोलत जाय."

"कोणाशी?"

"कोणाशीबी! आवाजाशी मतलब."

सकाळी बस मला फाट्यावर उतरवून गेली. पुढे रस्ता, दोन्हीकडे झाडं आणि मी. परत जायची बस समोरच उभी होती. पत्र पर्समध्ये होतं. पाच मिनिटं मी एकदा बसकडे, एकदा पर्सकडे बघत उभी राहिले. मग बस गेली.

आता बोलायला तर हवं! पण नवी मॅडम पहिल्याच दिवशी एकटीच बडबडत गावात शिरली, तर आयुष्यभर वेडी मॅडम. म्हणून मी मोबाइल कानाला लावला. कोणालाही न लावता.

"हो सर! निघाले सर! हो, पायीच सर!"

पाळीवर विषय संपले. भीती वाढली तसा आवाज वाढला आणि आवाज वाढला तशी मी कोणावर तरी चिडायला लागले. "नाही सर, हे चालणार नाही! शाळेला कंपाउंड कधी होणार ते सांगा! फाइल तुमच्याच टेबलावर आहे ना? मग सरकवा!" मोह वेचणाऱ्या बाया टोपल्या ठेवून उभ्या राहिल्या. मी थांबले नाही. दोन किलोमीटर मी त्या नसलेल्या साहेबाला झापत गेले आणि अस्वल न दिसता शाळेत पोचले. मी इतकी खूश कधीच झाले नव्हते!

दुपारच्या सुट्टीत एक माणूस दारात आला. "मॅडम, सिम कोणतं हाय तुमचं?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. तो विचार करत गेला. मग दुसरा आला. मग दोन बाया. मग एक आजी, पदरात गुंडाळलेला मोबाइल घेऊन. "माह्यी पोरगी नागपूरले हाय. पाळीवरून लागते काय मॅडम?"

मला काही कळेना. मुख्याध्यापकांनी मला हळूच बाजूला घेतलं. "मॅडम, फाट्याच्या इकडे रेंज नाही. कोणत्याच कंपनीची. टॉवरसाठी अर्ज करून गाव थकलं. पण तुम्ही बोलत येताना बऱ्याच लोकांनी पाहिलं म्हणतात."

मी खरं सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण आजी माझ्याकडे बघत होती, आणि शाळेची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले, तर फाट्यावर अकरा माणसं उभी. प्रत्येकाचा मोबाइल हातात, हात वर. सगळ्यात पुढे आजी.

"चला मॅडम," ती म्हणाली, "तुमी बोलत चाला. आमी मागं मागं येतो."