परत आलेली माणसं

काकांच्या दुकानात मागच्या भिंतीला एक फळी होती. दुरुस्त करून दिलेलं शिलाई मशीन पुन्हा बिघडून आलं, तर ते तिच्यावर ठेवायचं, म्हणजे येता-जाता डोळ्यांत खुपेल. एकतीस वर्षं ती फळी बहुतेक रिकामीच राहिली. काकू म्हणायच्या, निदान माझे डबे तरी ठेवा तिथे. काका ठेवू द्यायचे नाहीत.

मग त्यांच्या बोटांच्या टोकांतली जाणीव गेली. गोळ्या झाल्या, मालिश झालं, फरक पडला नाही. दोऱ्याचा ताण हाताला कळेना, तेव्हा दुकान बंद केलं. मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने गोल असतो, एका बाजूने चपटा. ती चपटी बाजू ओळखायला काका सुई ओठाला लावू लागले. तेही घरच्या जुन्या काळ्या मशीनपुरतं. बाकी दिवसभर खिडकीशी बसून असायचे. कसं वाटतंय विचारलं, तर म्हणायचे, "बरंय."

मशीन घरच्या घरी कसं दुरुस्त करायचं, हे सांगणाऱ्या वेबसाइटची कल्पना माझी. मी त्यांची पुतणी. एका कंपनीत, वेबसाइटवर किती लोक आले, किती वेळ थांबले याचे अहवाल बनवते. टेबलाच्या एका बाजूला मशीन घेऊन काका, समोर लॅपटॉप घेऊन मी. ते न बोलता करून दाखवायचे, मी बघून लिहायची. काकू म्हणाल्या, दोघं पत्ते खेळायला बसल्यासारखे दिसता. 'टाका सुटतोय?' हे पहिलं पान.

तीन महिन्यांनी आकडे चढले. लोक सहा-सहा मिनिटं थांबत होते. आमच्या ऑफिसात एवढ्यावर केक कापला असता. मी काकांना हिरवा बाण दाखवला आणि सांगितलं, शंभरातले चाळीस जण परत येतात.

"परत येतात?"

"हो. काही तर चार-चारदा."

"त्याच पानावर?"

"त्याच."

काका बाणाकडे बघत राहिले. मग उठून हात धुऊन आले, कशानेही भरलेले नसताना. काकू म्हणाल्या, अहो, कौतुक करतेय ती, तोंड का पाडलंत? दोन दिवस त्यांनी मशीनवरचं कापड काढलं नाही. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. म्हणून मी पुन्हा समजावलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुरुस्त झालं असतं, तर परत कशाला आले असते गं?"

त्यांनी मला पान मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचेन तेवढंच ते करणार होते, स्वतःचं डोकं लावणार नव्हते. तिसरी ओळ होती, सुईची चपटी बाजू उजवीकडे ठेवा. काकांनी सुई ओठाला लावली, फिरवली, चपटी बाजू उजवीकडे करून बसवली. चिंधी घालून मशीन चालवलं. चिंधीवर नुसती भोकं पडली. टाका एकही धरला नाही.

मी समोर बसले होते. त्यांची डावी बाजू मला उजवीकडे दिसत होती, आणि मी दिसलं तसं लिहिलं होतं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी पान लगेच दुरुस्त केलं, आधी चुकीचं लिहिलं होतं असं वर ठळक टाकलं.

पुढच्या महिन्यात बाण लाल होऊन खाली आला. लोक चाळीस सेकंदांत निघून जात होते. ऑफिसात अशा पानाला आम्ही मेलेलं म्हणतो.

"परत किती आले?" काकांनी विचारलं.

"शंभरातले दोन."

"आणि ते आधीचे?"

"ते कोण होते, कळत नाही काका. मशीन चाललं म्हणून येत नाहीत, की नाद सोडला म्हणून, तेही कळत नाही. आले-गेले एवढंच दिसतं."

दुकानात कळायचं, ते म्हणाले. गिऱ्हाईक पायरी उतरण्याआधी चिंधीवर टाका बघून जायचं.

मग त्यांनी काकूंना विचारलं, परत आलेल्या मशीनांची ती फळी आपण घरी आणली होती का. काकू म्हणाल्या, नाही, ती दुकानाबरोबरच गेली.

"बरंय," काका म्हणाले, आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.