आतली वाट कोण उघडी ठेवतं

देवी माझ्यावर रागावली आहे, असं त्या नवरात्रात मला पक्कं वाटू लागलं होतं. सहाव्या माळेला देवळात जायला निघाले आणि घराचा ओटा उतरतानाच डोळ्यांपुढं अंधारी आली. खांबाला धरून जराशी थांबले. तोंडाला कोरड, पोटात मळमळ, आणि लघवी जवळजवळ बंदच. आदल्या दिवशी सकाळी झाली तीही थोडीशी, कोऱ्या चहाच्या रंगाची. घरात कुणाला मी हे सांगितलं नव्हतं. नवस फेडताना देह असा कुरकुरतो म्हणजे माझ्याच भक्तीत काही खोट असणार, एवढंच मनात येत होतं.

नवस लेकीसाठी बोलले होते. उन्हाळ्यात ती बाळंतपणाला आमच्याकडं शेळगावला आली होती. बाळ झालं, पण तिचा रक्तस्राव थांबेना. बारामतीला हलवलं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी देवीला म्हटलं, दोघांना घरी आण, येत्या नवरात्रात दिवसभर पाण्याचा थेंब घेणार नाही, संध्याकाळच्या आरतीनंतर फुलपात्रभर पाणी, तेवढंच. दोघंही घरी आली. मग बोललेलं पाळायला नको का? पण नवरात्र आलं ते पेरूच्या हंगामात. फळाला फोमची जाळी चढवायची, वरून पिशवी बांधायची, असं दिवसभर उन्हात वाकून काम. गुडघे तर आधीपासूनच धरलेले. डॉक्टरांनी मागं थोड्या दिवसांसाठी दिलेल्या गोळीनं फार आराम पडला होता, म्हणून तीच मी मेडिकलमधून आणून घेत राहिले होते. उपासातही संध्याकाळच्या पाण्याबरोबर एक घ्यायची आणि दुपारी ठणका वाढला तर दुसरी कोरडीच गिळायची. गोळीनं नवस मोडत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

देवळात पोचले, माळ गुरवतात्यांच्या हातात दिली आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. ओटी भरायला आलेली एक बाई माझ्याकडं बघत होती. गावातली नव्हती. अकलूजकडं निघालेले हे नवराबायको पुलाच्या कामामुळं वाट बदलून आमच्या गावातून चालले होते, आणि देऊळ दिसलं म्हणून ती उतरली होती. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, बरं वाटत नाही का?"

"उपास हाय," मी म्हटलं.

तिनं माझा हात हातात घेतला आणि मनगटाजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच वर राहिली. मग गुरवांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं, "लघवीला कधी गेला होता?"

देवळात असं कुणी विचारतं का? मला संकोच वाटला. पण इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. गोळ्यांचंही तिनं विचारलं. तेही सांगितलं. तशी ती म्हणाली,

"माझ्या जावेचं असंच झालं. जुलाब लागले होते, पोटात पाणी नाही, आणि वरून कंबरेच्या गोळ्या. आता डायलिसिसवर आहे. तुम्ही पाणी प्या आणि आमच्याबरोबर दवाखान्यात चला."

"नवस हाय बाई. लेकीसाठी बोललेला. मी मोडला अन् तिला काय झालं तर?"

तिनं माझ्याशी वाद घातला नाही. हे मला अजून आठवतं. ती उठली आणि गुरवतात्यांकडं जाऊन म्हणाली, "ताईंना तीर्थ द्या." त्यांनी पळीभर तीर्थ माझ्या हातावर घातलं. "अजून द्या," ती म्हणाली. तात्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग गाभाऱ्यातला तांब्याच माझ्यापुढं आणून ठेवला.

"घ्या वहिनी. तीर्थाला उपास आडवा येत न्हाय. आईनंच दिलंय म्हना."

मी तो तांब्या थोडा थोडा करत रिकामा केला. पिताना रडू कशाचं येत होतं, ते कळत नव्हतं.

त्या दोघांनी गाडी उलटी फिरवली. तिचा नवरा आधी जरा त्रासलेला दिसला, पण मी मागं कुडकुडतेय हे पाहून त्यानं आपण होऊन एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. गुरवतात्यांनी आमच्या ह्यांना फोन केला होता. हे पेरूचा टेम्पो तसाच सोडून बारामतीला आले. त्यांच्या ताब्यात मला देऊन ती दोघं निघून गेली. गडबडीत नाव विचारायचं राहिलं. गुरवतात्यांनाही ते माहीत नव्हतं.

दवाखान्यात रक्त तपासलं, सलाईन लावलं, लघवीसाठी नळी घातली. किडनीच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या होत्या. म्हणाल्या, सकाळपर्यंत लघवी वाढली नाही तर डायलिसिस करावं लागेल. हे फारच घाबरले. "गोळ्या तर गुडघ्याच्या हुत्या, किडनीचा काय संबंध?" त्यांनी विचारलं. तेव्हा बाई खुर्ची ओढून बसल्या आणि समजावून सांगू लागल्या.

"मावशी, अंगात पाणी कमी पडलं की शरीर काही रसायनं सोडतं. त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे उरलेलं रक्त हृदयाला आणि मेंदूला पुरतं. पण सगळ्याच आवळल्या तर किडनी उपाशी मरेल. म्हणून किडनी स्वतःपुरती वेगळी रसायनं तयार करते. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. ती रक्त आत येण्याची वाट उघडी धरून ठेवतात. तुम्ही पाणी सोडलंत तरी त्यांनी तुम्हाला सांभाळलं असतं. पण गुडघ्यात दुखणं जागं करणारी रसायनंही त्याच जातीची. गोळी ती सगळीकडचीच बंद करते. तुमचा गुडघा शांत झाला आणि आतली वाटही मिटली."

मी पडून ऐकत होते. छताचा पंखा फिरत होता आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आजवर किती उपास केले, किती उन्हं अंगावर घेतली, आणि त्यातून पार पडले तो माझा निग्रह, असं मी समजत होते. आणि तेवढा सगळा वेळ आत कुणीतरी न सांगता, न थकता माझ्यासाठी वाट उघडी धरून बसलं होतं. त्याला मी कधी फूल वाहिलं नाही, त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी देवीला माझी तहान देत होते. ती मात्र माझ्या नकळत मला पाणी पोचवत होती. डोळे मिटले आणि म्हटलं, आई, आता मी काही ठरवत नाही. सुई टोचायची असेल तर टोच, मशीनवर बसवायचं असेल तर बसव.

सकाळी नर्सनं खाटेखालची पिशवी पाहिली आणि हसून म्हणाली, "मावशी, सुटली की." पिशवीत पिवळं, निवळ पाणी जमलं होतं. डायलिसिस टळलं. किडनी पूर्ववत व्हायला पुढं बरेच आठवडे लागले, आणि त्या गोळ्या मला कायमच्या बंद झाल्या.

दुपारी लेक बाळाला घेऊन आली. माझ्या उशाशी बसली. मग म्हणाली, "आई, मला वाचवलं ते तुला न्यायला व्हय गं?"  मी बाळाला जवळ घेतलं. त्यानं माझं बोट घट्ट धरलं.

ती बाई कोण होती, याचा कीस मी काढत नाही. पुलाचं काम चालू होतं, वाट बदलली होती, तिच्या घरात तसंच दुखणं होतं. कारणं सगळी सरळ आहेत. ती कारणं त्याच दिवशी, त्याच भिंतीशी एकत्र आली, एवढ्यासाठी मी हात जोडते. गुडघे अजून दुखतात. शेक घेते, तेल लावते, फार झालं तर बांधावर बसून राहते. नवरात्र धरते, घट बसवते, पण पाणी पिऊन. शरण जाणं म्हणजे आपण काहीतरी घट्ट धरून ठेवणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याला कुणी धरून ठेवलंय हे ओळखून हात सैल सोडणं, तेच शरण जाणं. आणि हसू नका, पण रोज सकाळी लघवीला जाऊन आले की हातपाय धुऊन मी देवघरात जाते आणि आधी तेवढ्यासाठीच नमस्कार करते. बाकीचं मागणं मग सुचतच नाही.